शुगर नसलेल्या माणसाचं बोट

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. ग्लुकोमीटर म्हणजे साखर मोजायचं यंत्र. रंगाने काळा, तळहातात मावणारा. चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी माझं बस्तान आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात, असं मी ऐकलं आहे. मला उसासे येत नाहीत. मला वैताग येतो.

माझं काम अगदी साधं आहे. बोटाच्या टोकाला सुई टोचा, पट्टीला रक्ताचा थेंब लावा, मी आकडा सांगतो. त्या क्षणी तुमच्या रक्तात किती साखर आहे, एवढंच. काल किती होती, उद्या किती असेल, तुमचं काळीज कसं आहे, तुम्ही म्हातारे होणार की नाही, यातलं मला काहीही कळत नाही. आणि लोकांना माझ्याकडून नेमकं हेच हवं असतं. बरं, विचारतात तरी कुठे? माझा आकडा बघतात आणि उत्तर स्वतःच ठरवून मोकळे होतात!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारखीच शेकडो भावंडं माझ्या मागेपुढे पट्ट्यावरून सरकत होती. तिथे प्रत्येकाला साखरपाण्याचा एक थेंब पाजून बघत. त्या पाण्यात साखर किती आहे ते तपासणाऱ्यांना आधीच ठाऊक असे. ज्याने बरोबर आकडा सांगितला तो खोक्यात, ज्याने चुकीचा सांगितला तो बाजूला. मी बरोबर सांगितला. तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. खरं बोललं की झालं, असं मला वाटत असे. खरा आकडाही माणूस आपल्या सोयीने ऐकतो, हे त्या कारखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

आर्य गौडा रोडवरच्या एका औषधांच्या दुकानातून मला विजयालक्ष्मी घरी घेऊन आली. ती शाळेत गणित शिकवते. मला आणलं होतं तिच्या आईसाठी. आईचं नाव कमलिनीबाई. ही माणसं तंजावरची मराठी. त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले, त्यामुळे कमलिनीबाईंचं मराठी जुन्या वळणाचं, आणि त्यात तमिळ शब्द सांबारातल्या शेंगांसारखे अधूनमधून लागायचे. त्यांना मधुमेह होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. इथले लोक मधुमेह म्हणत नाहीत. ते म्हणतात, "त्यांना शुगर आहे."

कमलिनीबाईंच्या हाताखाली मी काम केलं ती माझ्या आयुष्यातली खरी नोकरी. सकाळी आंघोळ करून, केस पुसून त्या टेबलाशी येत. बोट पुढे करत, तोंड जराही वाकडं न करता सुई टोचून घेत, आणि माझा आकडा शांतपणे वाचत. आकडा वाढलेला असला तर म्हणत, "काल भात अधिक जाहला. आज उणा करूं." कमी असला तरी हुरळून जात नसत. दुपारी ऊन उतरलं की गच्चीवर फेऱ्या मारत. आयुधपूजेला घरातली विळी, शिवणयंत्र, विजयालक्ष्मीची स्कूटर या सगळ्यांना चंदनकुंकू लागे. त्या रांगेत कमलिनीबाई मलाही ठेवत. माझ्या काचेवर कुंकवाचं बोट उमटे आणि मग दोन दिवस आकडे गुलाबी दिसत. मित्रांनो, एवढा मान मिळाल्यावर कुठल्या यंत्राचं मन भरून येणार नाही?

पण त्याच टेबलावर आणखी एक माणूस बसत असे. तो म्हणजे कमलिनीबाईंचा जावई, त्र्यंबक.

त्र्यंबक मूळचा कऱ्हाडचा. तरुणपणी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आला, विजयालक्ष्मीशी लग्न केलं आणि इथलाच झाला. कारखान्यात तो तपासणी विभागाचा प्रमुख. मनाने उमदा, हसरा, दारात आलेल्याला जेवल्याशिवाय न सोडणारा. पोट जरा सुटलेलं, चालणं फक्त लिफ्टपासून गाडीपर्यंत. रक्तदाब वाढलेला असे, पण त्याची गोळी आठवली तर तो घ्यायचा. त्याचे वडील साठीच्या आतच कचेरीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. हृदयविकार. त्यावर त्र्यंबकचं ठरलेलं वाक्य असे, "त्यांना शुगर होती. मला नाही."

सकाळी कमलिनीबाईंचं झालं की हा बोट पुढे करी. "चला, आमचंही बघू."

"अहो, अम्माच्या पट्ट्या वाया घालवू नका," विजयालक्ष्मी स्वयंपाकघरातून ओरडे.

"वाया कशा? आरोग्याची काळजी घेतो आहे." आणि मग आकडा आला की सगळ्या घराला ऐकू जाईल अशी आरोळी, "सत्त्याण्णव! ऐकलंस का विजया? सत्त्याण्णव! एकदम नॉर्मल!" एवढं झालं की स्टीलच्या पेल्यात कॉफी, त्यात दोन चमचे साखर, वर गूळ घातलेलं पोंगल, म्हणजे इथली गोड खिचडी.

मला सांगा, मी काय म्हणणार? उपाशीपोटी त्या क्षणाला साखर सत्त्याण्णवच होती. मी खोटं बोलत नव्हतो. पण ते सत्त्याण्णव म्हणजे दिवसभर वाटेल ते खायचा परवाना होता का? मी पंचायतीचा शिक्का होतो का? मला तोंड असतं तर त्या कॉफीच्या पेल्यावर उडी मारून मी ओरडलो असतो.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. कंपनीतर्फे दर वर्षी सगळ्यांची तपासणी होत असे. ती जवळ आली की त्र्यंबक आठवडाभर गोड बंद करी, रात्रीचं जेवण टाळी, आणि रोज सकाळी माझ्याकडे येऊन सराव करी. परीक्षेच्या आधी रात्रभर घोकणाऱ्या पोरासारखा! पण एक तपासणी अशी असते की तिला असं फसवता येत नाही. तिचं नाव एचबीएवनसी. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. रक्तातली साखर त्यांना हळूहळू चिकटत जाते. किती चिकटली ते पाहिलं की गेल्या सुमारे तीन महिन्यांत साखर सरासरी किती होती ते कळतं. मी एका क्षणाची खबर देतो, ती तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आठवड्याच्या उपासाने ती भुलत नाही.

कमलिनीबाई डॉक्टर प्राणेश राव यांच्याकडे जायच्या तेव्हा मलाही पिशवीत नेत. एकदा त्र्यंबकही बरोबर होता. आपल्या तपासणीचे कागद त्याने मोठ्या ऐटीत डॉक्टरांपुढे ठेवले. डॉक्टर प्राणेश सावकाश बोलणारे. त्यांनी चष्मा वर केला.

"त्र्यंबकराव, तुमची तीन महिन्यांची साखर मागच्या वर्षी पाच पॉइंट नऊ होती. आता सहा पॉइंट दोन आहे."

"डायबेटिस कितीला म्हणतात?"

"साडेसहापासून."

"म्हणजे मला नाही!"

"नाही. पण तुमचा रक्तदाब, तुमचं कोलेस्टेरॉल आणि वडिलांचं..."

तोवर हा गृहस्थ उभा राहून डॉक्टरांचा हात हलवत होता. "थँक यू डॉक्टर! मोठं टेन्शन गेलं." डॉक्टरांचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. पुढचा रोगी आत आला. पिशवीच्या तळाशी मी चरफडत होतो. घरी जाताना याने मैसूरपाकाचं खोकं घेतलं. कशासाठी? तर शुगर नाही म्हणून!

त्या साली दीपावळीला त्र्यंबकने कारखान्यातला मित्र उमाकांत आणि त्याची बायको मधुवंती यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाली, गप्पा रंगल्या, आणि तासा-दीड तासाने जिलेब्यांचं ताट आलं. तेवढ्यात त्र्यंबकला माझी आठवण झाली. "थांबा, खेळ खेळू. ज्याची साखर कमी त्याला जिलेबी जास्त!" मला लोणच्याशेजारून उचललं आणि पाहुण्यांच्या बोटांवर सोडलं. मित्रांनो, मी औषधांच्या दुकानातून आलो होतो, जत्रेतून नव्हे!

उमाकांतचा आकडा दोनशे तीस आला. त्र्यंबकचा एकशे बासष्ट. सगळ्यांनी उमाकांतच्या नावाने एकच गिल्ला केला. मधुवंतीचे डोळे भरून आले. त्र्यंबकने मित्राच्या बशीतली जिलेबी उचलून स्वतःच्या बशीत ठेवली आणि म्हणाला, "उद्याच्या उद्या डॉक्टर गाठ. अशा बाबतीत हयगय करू नये."

एकशे बासष्टकडे कुणी पाहिलंच नाही. शेजारी दोनशे तीस असलं की एकशे बासष्ट सज्जन दिसतं.

कमलिनीबाईंनी तेवढी नजर टाकली. "माप्पिळ्ळै, पोदुम," त्या म्हणाल्या. माप्पिळ्ळै म्हणजे जावई आणि पोदुम म्हणजे पुरे. "तुमचाहि आंकडा बरा नाहीं."

"अम्मा, तुम्हाला शुगर आहे, तुम्ही सांभाळा. माझं काय?" त्र्यंबक हसत म्हणाला. तो उर्मटपणे बोलला नव्हता, पण त्या उठून आत गेल्या.

उमाकांत दुसऱ्या दिवशी खरोखरच डॉक्टरांकडे गेला. गोळ्या सुरू झाल्या, तो सकाळी पार्कात चालायला लागला, बारीक झाला. त्र्यंबक त्याची कीव करत राहिला. "बिचारा. त्याचं आयुष्यच बदललं." आपलं बदललेलं नाही याचं त्याला कोण समाधान!

पुढच्या वर्षी तनयाचं लग्न ठरलं. तनया ही त्यांची एकुलती एक मुलगी. शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत जाते. तमिळ आणि इंग्रजी तिच्या जिभेवर नाचतात, मराठी जरा थांबून थांबून येतं. साखरपुड्याच्या साड्या घ्यायला एका शनिवारी सगळी मंडळी टी. नगरला निघाली. कमलिनीबाईही निघाल्या. त्यांची साखर कधीकधी एकदम उतरे, म्हणून विजयालक्ष्मीने मला आपल्या पर्समध्ये टाकलं.

साड्यांचं दुकान चांगलं उंच होतं. रेशमी साड्या वरच्या मजल्यावर आणि लिफ्टपुढे माणसांची ही गर्दी. तनया म्हणाली, "अप्पा, जिन्याने जाऊया." त्र्यंबक पुढे झाला. पर्समध्ये बसल्या बसल्या मला त्याचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला. तिसऱ्यावर भिंतीला टेकला.

"काय झालं हो?" विजयालक्ष्मीने विचारलं.

"काही नाही. सकाळचा वडा वर आला. गॅस झालाय." त्याने जबडा चोळला. "दातही ठणकतोय जरासा."

त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. दुकानात गारठा होता, इतरांना शाल घ्यावीशी वाटत होती. दुकानातल्या एका मुलीने खुर्ची आणून दिली. त्र्यंबक बसला, पण त्याला नीट बसवेना. डाव्या खांद्यावर कुणी पोतं ठेवल्यासारखा तो एका बाजूला कलत होता.

तनया घाबरली. ती आईला अम्मा आणि आजीला पाटी म्हणते. "अम्मा, शुगर लो झाली असेल! पाटीला असंच होतं ना, घाम येतो. चेक कर, चेक कर."

झालं. मला बाहेर काढलं. सुई टोचली. बोट इतकं गार पडलं होतं की रक्त येईना, तनयाला ते दाबून दाबून काढावं लागलं. थेंब लागला. मी आकडा दाखवला, एकशे अठ्ठावीस.

मित्रांनो, त्या आकड्याइतका खरा आणि त्याच्याइतका कुचकामी आकडा मी जन्मात दाखवला नसेल. नाश्ता केलेल्या माणसाला एकशे अठ्ठावीस म्हणजे काहीच नव्हे. त्र्यंबकने डोळे किलकिले करून तो वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ओठ पांढरे पडलेले, कपाळावरून घामाच्या धारा, आणि हा माणूस हसतो आहे!

"बघितलंत? नॉर्मल! उगाच घाबरवता. तुम्ही साड्या बघा, मी पाच मिनिटं बसतो. एक कॉफी मागवा म्हणजे बरं वाटेल."

आणि तनया चक्क सुटकेचा श्वास टाकून कॉफी कुठे मिळेल ते विचारायला वळली! माझ्या काचेवर ते एकशे अठ्ठावीस लखलखत होतं. मला ते पुसून टाकता येत नव्हतं. मी साखरेचं सांगतो आहे रे बाबा, साखरेचं! तुझ्या छातीत काय चाललं आहे ते मला विचारू नकोस! असं ओरडावं आणि फुटून जावं, असं मला झालं.

विजयालक्ष्मी नवऱ्याकडे बघत होती. आकड्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग तिने मला तनयाच्या हातून काढून घेतलं आणि पर्समध्ये कोंबलं.

"साखर मोजलीत. छाती कोण मोजणार?"

"विजया, अगं मला शुगर नाही..."

"गप्प बसा!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की साड्या उलगडणारी माणसं थांबली. "वर्षानुवर्षं एकच पालुपद! शुगर नाही, शुगर नाही! तुम्हाला घाम फुटलाय, दात दुखतोय, हात जड झालाय, आणि तुम्ही कॉफी मागता? तनया, खाली पळ. गाडी बघ, ऑटो बघ, काय मिळेल ते. अम्मा, तुम्ही इथंच बसा."

"मी बसत नाहीं, मी येतें," कमलिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी जावयाची चप्पल नीट त्याच्या पायात सरकवली.

दुकानातल्या लोकांनी त्याला खुर्चीसकट लिफ्टने खाली आणलं. बाहेर शनिवारची गर्दी. हॉर्न, फेरीवाले, पिशव्या. तनया भर रस्त्यात हात पसरून एका ऑटोसमोर उभी राहिली आणि तमिळमध्ये असं काही ओरडली की आत बसलेल्या दोन बायका न बोलता उतरल्या. जवळच्याच एका इस्पितळात त्यांनी त्याला नेलं. छातीवर तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, आणि ती बघणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंची चाल एकदम बदलली. त्या झटक्यात भराभर प्रश्न विचारू लागल्या.

"बीपी आहे? घरात कुणाला हार्ट? डायबेटिस?"

पलंग ढकलत नेत होते. त्या पलंगावरून त्र्यंबकचा आवाज आला, खोल गेलेला पण ठाम, "डायबेटिस नाही."

आता सांगा! या माणसाचं काय करायचं?

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी मनगटातून नळी घालून ती उघडली आणि आत जाळीची बारीकशी नळी बसवली. स्टेंट म्हणतात तिला. बाहेरच्या बाकावर तिघी बसून होत्या. तनया हुंदका देऊन म्हणाली, "मी कॉफी आणायला चालले होते, अम्मा. नॉर्मल आलं म्हणून मी..."

विजयालक्ष्मीने तिला जवळ घेतलं. "तुझी चूक नाही. आम्ही सगळे तोच एक आकडा बघत राहिलो."

कमलिनीबाईंनी पदराने डोळे टिपले. "माझ्या ताटाकडे सारें घर बघे. त्यांच्या ताटाकडे कोणी बघितलें नाहीं," त्या म्हणाल्या. "मज शुगर. म्हणून मी जपून राहिलें."

त्र्यंबक वाचला. आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. चार-पाच दिवसांनी तो घरी आला. त्याचा चेहरा उतरला होता, गळ्याजवळचा शर्ट सैल झाला होता. पहिल्याच दिवशी तो टेबलाशी बसला आणि त्याची नजर माझ्यावर पडली. त्याने मला उचललं, क्षणभर बघितलं, आणि दिलं भिरकावून! मी फरशीवर आपटलो, सोफ्याखाली गेलो. माझ्या कडेचा एक टवका उडाला.

"इतकी वर्षं नॉर्मल दाखवतंय," तो म्हणाला. "काय उपयोग याचा?"

मला राग आला नाही म्हणालो तर ते खोटं ठरेल. मी सोफ्याखाली धुळीत पडून संतापलो होतो. खरं बोलण्याचं हे बक्षीस!

संध्याकाळी डॉक्टर प्राणेश त्याला बघायला घरी आले. त्र्यंबक तक्रारीच्या सुरात म्हणाला, "डॉक्टर, इस्पितळातसुद्धा तीन महिन्यांची साखर सहा पॉइंट तीनच आली. साडेसहा नाहीच. मग मला हे झालं कसं?"

डॉक्टरांनी त्याची नाडी धरून ठेवली होती. "त्र्यंबकराव, साडेसहाची रेघ डायबेटिस कुणाला म्हणायचं यासाठी माणसांनी आखलेली आहे. ती रेघ तुमच्या हृदयाला माहीत नाही. रेघेच्या अलीकडेसुद्धा साखर जसजशी वर सरकते, तसतसा हृदयाचा धोका वाढत गेलेला दिसतो. ज्यांना डायबेटिस नाही त्यांच्यातही."

"म्हणजे साखरेनेच केलं?"

"एकट्या साखरेने केलं असं मी म्हणणार नाही. तुमचा रक्तदाब होता. कोलेस्टेरॉल होतं. वडील लवकर गेले. दिवसभर खुर्ची. सगळ्यांनी मिळून केलं. सहा पॉइंट दोन असलेल्या प्रत्येकाला ॲटॅक येत नाही, आणि घाबरून जायचंही कारण नाही. पण वर जाणारा तो आकडा सांगत होता की बाकीचंही सगळं नीट बघा."

"मग तुम्ही आधी सांगायचं होतंत!"

डॉक्टर प्राणेश यांना मी त्यापूर्वी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "मी सांगत होतो," ते म्हणाले. "तुम्ही माझा हात हलवत होता."

त्र्यंबकने मान खाली घातली. मग तो बोलला, ते डॉक्टरांशी नव्हतं, स्वतःशीच होतं. "आमच्याकडे एखाद्या भागाचं माप मर्यादेच्या आत असलं, पण रोज थोडं थोडं वरच्या टोकाकडे सरकायला लागलं, तर मी मशीन थांबवतो. पास झालाय म्हणून सोडत नाही. हत्यार झिजलं असणार, हे मला ठाऊक असतं." त्याने बोटं मोजली. "पाच नऊ, सहा दोन, सहा तीन. कारखान्यात मी मशीन कधीच थांबवलं असतं."

विजयालक्ष्मीने वाकून केरसुणीच्या दांड्याने मला सोफ्याखालून ओढून काढलं, पदराने पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, आता सगळं छान झालं असं तुम्हाला वाटेल. तसं झालेलं नाही. माणसं इतक्या सहज सुधारत नसतात. गोळ्या त्र्यंबक वेळेवर घेतो, कॉफीत साखर नाही, भात निम्मा. तरी परवा त्याने फ्रीजमागे लपवलेली चिक्की तनयाला सापडली आणि घरात महाभारत झालं. मीही आता थकलो आहे. माझ्या जातीच्या पट्ट्या दुकानात मिळेनाशा झाल्या आहेत, लवकरच कमलिनीबाईंसाठी नवं यंत्र येईल आणि माझी रवानगी कपाटात होईल. त्याचं मला दुःख नाही. पण जाण्याआधी तुमच्याजवळ एवढं बोलून घेतो.

माझ्यासारख्या यंत्राला आकडा विचारा, अभयदान मागू नका. घरात ज्याला आजार आहे त्याची काळजी सगळे घेतात. ज्याला अजून नाव मिळालेलं नाही अशा आजाराच्या उंबरठ्यावर तुमचे बाबा, तुमची आई, काका उभे असतील, तर त्यांच्या ताटाकडेही बघा, त्यांच्या रक्तदाबाचीही विचारपूस करा. आणि डॉक्टर बोलत असताना त्यांना वाक्य पुरं करू द्या. फार मोठं काही मागत नाही मी. तरी एवढं ऐकवायला इतकी वर्षं गेली, म्हणून जीव तुटतो.

डॉक्टरांनी त्र्यंबकला चालायला सांगितलं आहे. रस्त्यावर एकटं जायची त्याला अजून भीती वाटते. म्हणून ऊन उतरलं की तो कमलिनीबाईंबरोबर गच्चीवर जातो. मी त्यांच्या बटव्यात असतो. मांबलम स्टेशनात शिरणाऱ्या गाड्यांचे आवाज येत असतात, शेजारच्या गच्चीवर कुणी वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, गोळा करत असतं. इतक्या वर्षांची शुगर असलेली ती म्हातारी झपझप पुढे जाते. शुगर नसलेला जावई पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत धापा टाकू लागतो आणि कठड्याला धरून उभा राहतो.

काल त्याने कठड्यावरून मान वर केली आणि पहिल्यांदाच विचारलं, "अम्मा, तुम्हाला कधी कंटाळा नाही आला? एवढं सांभाळण्याचा?"

"रोज येतो," कमलिनीबाई म्हणाल्या. त्या परत फिरून त्याच्यापाशी आल्या आणि त्यांनी आपला हात पुढे केला. "घाई नाहीं. मी थांबतें. श्वास घ्यावा, मग चालावें."